हात थरथरण्याआधीची वर्षं

साल १८१७. लंडनच्या हॉक्सटन भागातल्या एका रस्त्यावर तुम्ही उभे आहात. हवेत कोळशाचा धूर, पायाखाली घोड्यांची लीद. समोरून एक गृहस्थ येताना दिसतात. अंग पुढे वाकलेलं. एकदा चालायला लागले की पावलं आपोआप जलद होतात आणि बघता बघता ते पळायलाच लागतात. तोंडघशी पडू नयेत म्हणून त्यांचा नोकर त्यांच्या पुढ्यात, त्यांच्याकडे तोंड करून, उलटा चालतो आहे.

तुमच्या शेजारी थांबून आणखी एक जण हे लांबून निरखतो आहे. वय ६२. याच भागात जन्मलेला, इथेच डॉक्टरकी करणारा जेम्स पार्किन्सन. या वर्षी तो एक छोटासा निबंध छापणार आहे. त्यात रुग्ण फक्त सहा. एक माळीकाम करणारा, एक आयुष्यभर न्यायाधीशाच्या कचेरीत चाकरी केलेला, एक खलाशी. दोघं त्याला रस्त्यात सहज भेटलेले आणि हे समोरचे गृहस्थ तर असे लांबूनच पाहिलेले. तेवढ्या भांडवलावर तो एका आजाराचं असं वर्णन लिहितो की पुढे पॅरिसचे डॉ. शार्को त्या आजाराला पार्किन्सनचंच नाव देतात.

याच वर्षाच्या नोव्हेंबरात इकडे खडकीला पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई व्हायची आहे. बीड, आंबेजोगाई, परळी हा मुलूख निजामाच्या ताब्यात आहे. तिकडे जाऊच, पण आधी पार्किन्सनच्या खांद्यावरून त्याचे कागद वाचा. कंप, वाकलेलं अंग, पळती चाल हे तर त्यात आहेच. पण शौचाबद्दलही त्याने लिहून ठेवलंय. या रुग्णांची आतडी सुरुवातीपासून सुस्त असतात. आजार वाढला की जहाल जुलाबाशिवाय पोट हलत नाही. कधी मळ हाताने काढावा लागतो. पुढे तो एक शक्यताही मांडतो. पोट आणि आतडी बिघडल्याने मज्जारज्जूच्या वरच्या भागात हा विकार उद्भवत असेल का? पोटापासून तिथवरची वाट आपल्याला सापडत नाही, हेही तो लिहितो.

ती वाट शोधायला पुढे जवळजवळ दोनशे वर्षं लागली. डॉक्टरांनी हात पाहिले, चाल पाहिली, मेंदू कापून पाहिला. पोटाचं वाक्य कागदावरच राहिलं.

आता १८१७ पासून साडेपाचशे वर्षं मागे या. तेराव्या शतकातली परळी. आज दिसतं ते वैजनाथाचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेलं आहे; ते व्हायला अजून पाचशे वर्षं अवकाश आहे. देवगिरीवर यादवांचं राज्य. त्यांचा मंत्री हेमाद्री, ज्याला आपण हेमाडपंत म्हणून दगडी देवळांमुळे ओळखतो, त्याने वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या वैद्यकग्रंथावर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली. त्या काळच्या वैद्याच्या ओट्यावर क्षणभर बसा. हात कापणारा म्हातारा त्याच्याकडे येतो. कंप हा वाताचा विकार आणि वाताचं मुख्य ठिकाण पक्वाशय, म्हणजे खालचं आतडं, हे तो वैद्य शिकलेला आहे. म्हणून तो आधी कोठा कसा आहे ते विचारतो. वातावरचा त्याचा पहिला उपाय बस्ती, तोही आतड्यातून द्यायचा.

यावरून आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं, असं म्हणायला मी तयार नाही. मज्जापेशी त्यांनी पाहिलेली नव्हती आणि अनेक वेगवेगळे आजार ते कंपाच्या एकाच नावाखाली घालत. पण कापणाऱ्या माणसाला आधी शौचाबद्दल विचारायची सवय योग्य होती. ती सवय मोडली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

१९१२ साल. जर्मनी. म्युनिकला आलोइस अल्झायमर यांच्या प्रयोगशाळेत काम केलेला एक तरुण डॉक्टर, फ्रिट्झ हाइनरिश लेवी, पार्किन्सनच्या आजाराने गेलेल्या माणसांच्या मेंदूच्या चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतोय. तो बाजूला सरकतो आणि तुम्हाला डोळा लावू देतो. रंगवलेल्या पेशींमध्ये गोल गोळे दिसतात. निरोगी पेशीत ते नसतात. यांनाच पुढे लेवी बॉडी म्हणू लागले. ते कुठे दिसले, इकडे माझं जास्त लक्ष आहे. लेवीला हे गोळे ज्या ठिकाणी सापडले त्यांतलं एक म्हणजे मेंदूच्या खोडातलं व्हेगस मज्जातंतूचं केंद्र. व्हेगस ही शरीरातली फार लांब नस. मेंदूच्या तळातून निघून मान, छाती ओलांडत ती थेट जठर-आतड्यांपर्यंत उतरते. पार्किन्सनला न सापडलेल्या वाटेचं वरचं टोक लेवीच्या काचेखाली होतं.

सात वर्षांनी, १९१९ मध्ये, पॅरिसला त्रेत्याकोव्ह नावाच्या डॉक्टरला मध्यमेंदूतल्या काळसर पट्ट्यातल्या, सबस्टॅन्शिया नायग्रातल्या, पेशी मेलेल्या आढळल्या. हात का कापतो, याचं उत्तर तिथे मिळत होतं. सगळ्यांचं लक्ष त्या काळ्या पट्ट्याकडे गेलं, ते साहजिक होतं. लेवी ज्यू होता. नाझी सत्तेवर आल्यावर त्याला जर्मनी सोडावी लागली आणि तो अमेरिकेत गेला.

आता घरी येऊ. साल २००४, डिसेंबर, पहाटेचे चार. तुम्ही उसाच्या फडात आहात. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर, आष्टी, केज, वडवणीच्या वाड्या-वस्त्यांवरून दसरा-दिवाळी झाली की माणसं गाड्या भरून निघतात. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, कर्नाटक. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फेडेपर्यंत फड सुटत नाही. तुमच्यासमोर ४५ वर्षांची एक बाई ऊस तोडते आहे. तिचं नाव मी सांगत नाही. अशा पुष्कळ जणींच्या आयुष्यातून मी तिला उभी केली आहे. कंबरेला फडकं, डोक्यावर पदर घट्ट बांधलेला. मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची, फळीवरून ट्रकवर चढायचं.

तिच्या हाताकडे बघा. कोयता एकदाही चुकत नाही. हात कुठेच कापत नाही.

दुपारी दुसरी एक बाई तिला पाण्याची कळशी देते. ती दोनच घोट घेते.

“पी की गं, कामून ठिवलीस?”

“नगं माय. पानी पिलं की जावं लागतंय. जायाचं कुटं?”

कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, संडास नाही. उजाडण्याआधी उरकावं लागतं, नाहीतर अंधार पडेपर्यंत थांबावं लागतं. थांबायची सवय लागते. चार दिवस पोट साफ होत नाही, पाच दिवस होत नाही. गावी परतल्यावरही तेच. ती एरंडेल घेते, त्रिफळा घेते, कुणी सांगितलं म्हणून गरम पाण्यात तूप घेते. पोटाचं हे रडगाणं कुणाला सांगण्यासारखं तिला वाटत नाही.

बीडमध्ये हे लक्षण ऐकू का येत नाही, त्याचं कारण इथे उघड दिसतं. बद्धकोष्ठ व्हायला इथे दुसरी कारणं भरपूर आहेत. पाणी कमी, संडास नाही, जेवणाला वेळ नाही. तिच्या पोटात काही वेगळं चाललं असेल, अशी शंकाही कुणाला येत नाही.

आता लहान व्हा आणि तिच्या पोटात उतरा. आतड्याच्या भिंतीत स्नायूंच्या दोन थरांमध्ये मज्जापेशींचं जाळं पसरलेलं आहे. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत दहा कोटींहून अधिक पेशी. ज्वारीची भाकरी खाली उतरते तेव्हा या पेशी मेंदूला न विचारता मागचा स्नायू आवळतात, पुढचा सैल सोडतात. मेंदूकडे जाणारी व्हेगसही इथेच येऊन पोचते आणि तिचे बहुतेक धागे पोटाची खबर वर नेतात.

या पेशींमध्ये अल्फा सायन्यूक्लीन नावाचं एक प्रथिन असतं. ते तुमच्या माझ्या सगळ्यांच्याच मज्जापेशींत असतं आणि एरवी निरुपद्रवी. पण कधीतरी त्याची घडी चुकते. चुकलेला एक रेणू शेजारच्या चांगल्या रेणूला आपल्यासारखंच वळण लावतो; दुधात विरजणाचा थेंब पडावा तसं. हळूहळू गुठळी बनते. लेवीने पाहिलेले गोळे याच प्रथिनाचे. हे कळायला १९९७ साल उजाडलं. इटलीतल्या कोन्तुर्सी गावच्या एका कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या हा आजार येत होता, त्यांच्या जनुकातला दोष या प्रथिनाशी जुळला आणि त्याच वर्षी लेवी बॉडीतही हेच प्रथिन सापडलं.

घडी पहिल्यांदा का चुकते? इथे एक उत्तर नाही. थोड्या घराण्यांत जनुक. वय तर आहेच. आणि विष. त्याच बाईला आता खरिपात बघा. कापसावर बोंडअळी पडलीय. नवऱ्याच्या पाठीवर पंप, ती बादलीत औषध कालवून देते, काठीने नाही तर हातानेच ढवळते. हातमोजे नाहीत, तोंडाला पदर. २००० साली अमेरिकेत उंदरांना रोटेनोन हे कीटकनाशक दीर्घकाळ थोडं थोडं देत राहिल्यावर त्यांच्यात पार्किन्सनसारखीच लक्षणं आणि मेंदूत तसेच गोळे दिसले. २०११ मध्ये तिथल्याच फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांच्या अभ्यासात रोटेनोन किंवा पॅराक्वाट वापरलेल्यांना या आजाराचा धोका अडीचपट निघाला. पॅराक्वाट युरोपीय संघात २००७ पासून बंद आहे. आपल्याकडे ते तणनाशक दुकानात मिळत राहिलं. हिच्या बादलीत कोणतं औषध होतं ते ना तिला माहीत, ना तुम्हाला. तरी हातमोज्यांशिवाय कालवू नका, एवढं सांगायला कुणाची वाट पाहायची गरज नाही.

इथून वर चढायचं. पण त्याआधी जरा १९७२ मध्ये डोकावू. बीडला दुष्काळ. तेरा वर्षांची हीच पोर आईबरोबर खडी फोडायला आली आहे. सुट्टीत सुकडी वाटताहेत. त्याच सुमारास, १९७१ ते ७४ या वर्षांत, पॅसिफिक महासागरातल्या होनोलुलूत काही डॉक्टर जपानी वंशाच्या ६,७९० पुरुषांना एक साधा प्रश्न विचारताहेत. शौचाला दिवसातून किती वेळा होते? उत्तरं लिहून ठेवली गेली. पुढची चोवीस वर्षं ही माणसं कोणत्या आजाराने पडतात ते पाहिलं गेलं. ज्यांना दिवसाला एकदाही होत नव्हती, त्यांना पार्किन्सन होण्याचं प्रमाण रोज एकदा होणाऱ्यांच्या २.७ पट निघालं. २००१ साली हे छापून आलं. एका साध्या प्रश्नातून इतकं मोठं उत्तर मिळाल्याचं उदाहरण वैद्यकात मला तरी फारसं आठवत नाही. यंत्र नाही, सुई नाही. फक्त विचारलं आणि लिहून ठेवलं.

दोन वर्षांनी, २००३ मध्ये, फ्रँकफर्टला हायको ब्राक यांनी मृतांच्या मेंदूंच्या चकत्या ओळीने मांडल्या. काहींना हयातीत आजाराचं निदान झालेलं, काहींना अजिबात नाही. गोळे कुठून कुठे पसरतात ते त्यांनी टप्प्याटप्प्याने लावलं. पहिल्या टप्प्यात काळा पट्टा स्वच्छच होता. गोळे होते ते दोन ठिकाणी, व्हेगसच्या केंद्रात आणि वास ओळखणाऱ्या भागात. तिसऱ्या टप्प्यात कुठे काळा पट्टा सापडतो. मग त्यांनी तर्क मांडला, की आजार बाहेरून, नाकातून किंवा आतड्यातून, सुरू होऊन मज्जातंतूंच्या वाटेने वर चढत असेल.

तर्क तपासायला माणसं मिळाली ती अनपेक्षित ठिकाणी. एके काळी पोटातल्या अल्सरवर इलाज म्हणून व्हेगस कापून टाकत. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१५ मध्ये आणि स्वीडनच्या संशोधकांनी २०१७ मध्ये अशा हजारो जुन्या रुग्णांच्या नोंदी काढल्या. स्वीडनमध्ये ज्यांची व्हेगस मुळापासून कापून पाच वर्षांहून जास्त काळ लोटला होता, त्यांच्यात पार्किन्सन ४० टक्क्यांच्या आसपास कमी आढळला. २०१९ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये उंदरांच्या जठराच्या भिंतीत घडी चुकलेलं प्रथिन टोचलं. महिन्याभरात ते मेंदूच्या खोडात पोचलं, तीन महिन्यांत काळ्या पट्ट्यात. पुढे उंदरांची हालचाल बिघडली. व्हेगस आधीच कापलेल्या उंदरांत हे घडलं नाही.

म्हणजे प्रत्येकाचा पार्किन्सन पोटातूनच येतो? तसं नाही. डेन्मार्कच्याच पेर बोर्घामर यांनी रुग्णांच्या तपासण्या करून दोन वाटा दाखवल्या. काहींचा आजार शरीरातून वर जातो, काहींचा मेंदूत सुरू होऊन खाली उतरतो. दुसऱ्या प्रकारात बद्धकोष्ठ नंतर येतं. ही बाई पहिल्या वाटेवर आहे.

२०१२. तिच्या स्वयंपाकघरात या. चुलीपुढे बसून ती भाकऱ्या करते आहे. तव्यावरची भाकरी करपून काळी झाली, धूर झाला, तरी ती शांत. सून धावत येते.

“आत्याबाई, भाकर जळाली की! वास बी नाही आला?”

“सर्दी हाय वाटतं मला.”

सर्दी नाही. येसराच्या आमटीचा वास गेला, पहिल्या पावसाचा गेला, दूध उतू गेल्याचा गेला. हळूहळू गेला म्हणून तिला पत्ता लागला नाही. ब्राक यांच्या पहिल्या टप्प्यातली दुसरी जागा तिच्या डोक्यात भरत चालली आहे.

२०१६. टँकरचं वर्ष. रात्री दोन वाजता ती झोपेत ओरडते, लाथा झाडते. नवऱ्याच्या छातीवर बुक्की बसते. गाढ स्वप्नात आपलं अंग एरवी लुळं असतं, म्हणून स्वप्नातली मारामारी अंथरुणात होत नाही. मेंदूच्या खोडातली ती कळ बिघडली की स्वप्न हातापायांत उतरतं. घरचे तिला देवऋष्याकडे नेतात. भानामती, करणी, अंगातलं वारं, सगळं ऐकून होतं. लिंबू उतरवून होतं. घरच्यांना दोष देऊ नका. झोपेतल्या लाथांचा आणि बारा वर्षांच्या कोठ्याचा संबंध कुणी सांगितलाच नसेल तर ते काय करतील? दमलेली माणसं जवळच्या दाराशीच जातात.

२०२०. भाकरी थापताना तिचा उजवा हात मागे पडू लागला. भाकरी एका बाजूला जाड राहते. खांदा आखडला म्हणून महिनाभर तेल चोळलं. मग स्वस्थ बसलेली असताना उजवा अंगठा तर्जनीवर घासायला लागला. आता नवऱ्याला, मुलाला, शेजाऱ्यांना, सगळ्यांना दिसलं. फडात ती पाण्याची कळशी परत करत होती, त्याला सोळा वर्षं झाली होती. काळ्या पट्ट्यातल्या डोपामीन बनवणाऱ्या निम्म्याच्या आसपास पेशी या वेळेपर्यंत गेलेल्या असतात.

मुलगा तिला एसटीने आंबेजोगाईला आणतो. १९७० च्या दशकात खेड्यांसाठी म्हणून उभं राहिलेलं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय इथे आहे. लोक त्याला ‘स्वाराती’ म्हणतात. डॉक्टर तिला चालायला लावतात, मनगट वाकवून पाहतात, चुटकी वाजवायला सांगतात. मग विचारतात, “मावशी, पोट साफ होतं का? कधीपासून नाही?” ती मुलाकडे बघते. हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कुणी विचारला आहे.

चिठ्ठीवर लेव्होडोपा लिहिलं जातं. या गोळीच्या मागे जायला एकदा मुंबईला चला. १९४९, केईएम रुग्णालय. डॉ. रुस्तम जाल वकील सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे रुग्णांवर पाहून ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध करतात. जगाचं लक्ष या मुळीकडे वळतं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडला तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं जातं. १९५७ मध्ये स्वीडनच्या लुंड गावी आर्विद कार्लसन सशांना रिसर्पिन टोचतात. ससे कान पाडून दगडासारखे बसून राहतात. मग त्यांना लेव्होडोपा टोचला जातो आणि थोड्याच वेळात ते कान टवकारून हिंडू लागतात. रिसर्पिनने मेंदूतलं डोपामीन संपलं होतं, लेव्होडोपाने ते भरून निघालं. १९६० मध्ये व्हिएन्नाला पार्किन्सनच्या मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामीन आटलेलं आढळलं, १९६७ मध्ये अमेरिकेत कोत्झियास यांनी तोंडाने मोठ्या मात्रेत लेव्होडोपा देऊन रुग्णांना चालतं केलं. २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळालं. सर्पगंधेची मुळी, केईएमची ओपीडी आणि लुंडचे ससे यांच्यामुळे पाटोद्याची ही बाई पुन्हा भाकरी थापू शकते, हे मला फार मोलाचं वाटतं.

आणि खाजकुयली! बांधावर वाढणारा, अंगाला लागला तर दिवसभर खाजवायला लावणारा वेल. त्याच्या बियांत खुद्द लेव्होडोपाच आहे; १९३७ मध्ये मद्रासला दामोदरन आणि रामस्वामी यांनी तो वेगळा काढला. म्हणून कुणी घरच्या घरी बिया कुटून खाऊ नयेत. बीगणिक मात्रा बदलते, आणि गोळी चालू असताना वरून बिया म्हणजे चक्कर, उलटी, वेडेवाकडे झटके.

गोळी तिने गिळली. तिच्यामागे पुन्हा पोटात उतरा, कारण खरी अडचण इथेच आहे. लेव्होडोपा जठरात शोषला जात नाही, लहान आतड्यात गेल्यावर जातो. तिचं जठर सुस्त. गोळी तिथेच तासभर पडून राहते. भरल्या ताटावर घेतली तर वरणातलं, दुधातलं प्रथिन तिच्याबरोबर त्याच दारातून आत शिरायला बघतं. शिवाय आतड्यातले काही जिवाणू, विशेषतः एन्टरोकोकस फीकॅलिस, लेव्होडोपा रक्तात जायच्या आधीच त्याचं डोपामीन करून टाकतात, आणि ते डोपामीन मेंदूपर्यंत पोचत नाही. २०१९ मध्ये हॉलंड आणि अमेरिका दोन्हीकडे हे दाखवलं गेलं. कोठा बांधलेला असला की सगळंच लांबतं. मग ती म्हणते, “गोळी लागूच पडंना.” मुलगा गोळी वाढवून मागतो. पुष्कळदा वाढवायची असते ती पोटाची काळजी.

जिवाणूंबद्दल अजून थोडं. फिनलंडमध्ये २०१५ साली पार्किन्सनच्या रुग्णांच्या आतड्यात प्रिव्होटेला जातीचे जिवाणू फार कमी आढळले. पुण्याच्या एनसीसीएस संस्थेत डॉ. योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी भारतीयांच्या आतड्यातले जिवाणू तपासले, तेव्हा प्रिव्होटेला इथे मुबलक निघाले. कोंड्या-भाकरीच्या जेवणावर ते पोसतात. भाकरी खाणाऱ्याला पार्किन्सन होत नाही असा याचा अर्थ काढू नका. तो होतो, आपण आत्ताच पाहिला. पण इतकी वेगळी आतडी असलेल्या मुलखात हा अभ्यास वाड्या-वस्त्यांपर्यंत यायला हवा. मुंबईत १९८८ साली डॉ. नादिर भरुचा आणि सहकाऱ्यांनी पारशी वसाहतींमध्ये १४ हजारांहून अधिक लोक तपासून लाखामागे ३२८ इतकं प्रमाण नोंदवलं होतं. दारोदार जाऊन मोजणी होऊ शकते, हे महाराष्ट्राने तेव्हाच दाखवून दिलं आहे. ऊसतोडणीच्या गावांत ती व्हावी, आणि तिच्यात पहिला प्रश्न पोटाचा असावा.

प्रवास इथे संपला. तुम्ही तुमच्या घरात आहात आणि घरात एखादं पन्नाशी ओलांडलेलं माणूस असेलच. नुसतं बद्धकोष्ठ म्हणजे पार्किन्सन नव्हे. बहुतेकांना तो कधीच होत नाही, त्यामुळे घाबरू नका. पण वर्षानुवर्षांचा कोठा, गेलेला वास आणि झोपेतल्या लाथा-बुक्क्या एकाच माणसात दिसल्या, तर मज्जाविकाराच्या डॉक्टरांना दाखवा. ज्यांना आजार झालेला आहे त्यांना पाणी, भाजी-भाकरी, रोजचं चालणं आणि डॉक्टरांनी दिलेलं पोटाचं औषध चुकवू देऊ नका. गोळी जेवणाआधी अर्धा-एक तास द्या. मळमळ-उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड, चक्करसाठी सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन कुणी लिहून दिलं तर आधी सांगा, की यांना पार्किन्सन आहे. या औषधांनी तो बळावतो. मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांना आणि घरच्यांना आधार देतात, त्यांच्याशी बोला.

आणि दवाखान्यात जाताना आईला लाज वाटेल म्हणून गप्प राहू नका. शौचाला किती दिवसांनी होते, वास कधीपासून येत नाही, झोपेत हातपाय झाडते का, ही तीन उत्तरं एका कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या.